मीच मिस्त्री

एप्रिलमधला रविवार, दुपार. सिंदी मेघे. हजर: वनिताताई, कूलर दुरुस्त करतात, त्यांचे यजमान, ऑटो चालवतात, सासूबाई, ज्यांना ताई आत्याबाई म्हणतात, आणि लिहून घेणारी मी. खिडकीत कूलर होता, पण बंद. ताई बोलत गेल्या तसं उतरवलं आहे.

माहं माहेर देवळीकडचं. बाबाचं सायकलचं दुकान, दुकान म्हंजे काय, लिंबाचं झाड आन त्याच्याखाली हत्याराची पेटी. शाळा सुटली की मी तिथंच. वाकडं चाक बाबा फिरवे, एकेक तार कसे, आन ते चाक सरळ फिराले लागलं की माह्या पोटात कसं बरं वाटे, काय सांगू तुमाले. माय म्हने, पोरीच्या जातीले ग्रीस कायले? बाबा म्हने, हात धुतले की निघते.

लग्न होऊन इकडे आली आन वर्ध्यात एका बिजलीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर लागली. पगार बरोबर एक तारखेले, सेठ मानूस वाईट नाई, खोटं कायले बोलू. पन दिवसभर उभं राहाचं आन गिऱ्हाइकाले म्हनाचं, घ्या ना, चांगला हाये. मागच्या खोलीत अरुण मिस्त्री कूलर खोलून बसे, माहं अर्धं ध्यान तिकडेच. जेवाच्या सुट्टीत डबा तिथंच नेओ, पाना धरो, मोटारीचं वायरिंग पाहो, असे किती वर्षं गेले. सेठ म्हने, वनिता, तुले काउंटरवर ठेवलं हाये, तिकडे काऊन बसतं? मंग अरुणभाऊ थकले, काम सोडून गावी गेले. मी सेठले म्हनलं, मागचं काम मले द्या. सेठ हासला. म्हने, बाईच्या हातचा कूलर कोन लावन? त्या हासन्यानं मले भारी जोर आला. महिना भरला आन मी काम सोडलं.

घरी काय झालं ते ह्या बसल्या ना आत्याबाई, ह्याईलेच इचारा. म्हने, पगार एक तारखेले येते, कूलर काय एक तारखेले बिघडते? मंग ठरलं, एक वर्ष. पुढच्या होळीपर्यंत खोलीचं भाडं आन घरातला माहा हिस्सा माह्याच कामातून निघाला तर दुकान माहं, नाई तर मुकाट्यानं परत काउंटर.

पिपरी मेघेले रस्त्यावर खोली घेतली. पहिला उन्हाळा बरा गेला. लोक कूलर घेऊन येत, इकडे तिकडे पाहत, मिस्त्री कुठी गेला? मी म्हनो, मीच मिस्त्री, उतरवा खाली. एक बुवा तर म्हने, तुमचे मालक येऊ द्या, मी थांबतो. थांबला बिचारा. तोवर मी पंप साफ केला, जाळीत नवं गवत भरलं, चालू केला आन हवा त्याच्याच तोंडावर सोडली. उठला आन म्हने, मालकाले सांगजा, काम चांगलं झालं.

मंग पावसाळा लागला. खोलीत मी आन माहा पाना. सेठचा निरोप आला, जागा खाली हाये, येजो. आमच्या ह्याईनं ऑटोच्या फेऱ्या वाढवल्या, ते मले बोलन्यापेक्षा जास्त लागलं.

तवा मी बसून इचार केला, का बाप्पा, उन्हाळ्यात आलेले कूलर बिघडले कायनं? वापरून नाई, ठेवून. लोक काय करते, पाऊस आला की कूलर तसाच ओला माळ्यावर चढवते, टाकी जंगते, पंपाले क्षार बसते, गवतात उंदीर, आन होळीले रडते. म्हनलं, आपन ठेवाचंच काम धरू. दारोदार गेली. एक जन म्हने, पावसात कूलर? बाई, उन्हाळ्यात छत्र्या करता का? म्हनलं, छत्र्याही आना, पन आधी कूलर द्या. पिपरीच्याच एका रिटायर मास्तरीनबाईनं देल्ला, मले वाटते दया म्हनूनच. तो धुतला, क्षार खरडला, उघाड पाहून उन्हात सुकवला, टाकीले आतून रंग देल्ला, मोटारीले तेल, जुन्या चादरीत बांधला, त्यायच्या घरी नेऊन देल्ला आन सांगितलं, आता होळीलेच बटन दाबजा. मंग त्यायच्या शेजारनीचा आला, मंग तिच्या जावेचा, दिवाळीपर्यंत खोलीत पाय ठेवाले जागा नाई.

होळीच्या दिवशी मी सकाळपासून फोन जवळ घेऊनच बसली होती. एखादाही बंद पडला तर संपलं. दुपारी मास्तरीनबाईचा फोन आला. बोलल्याच नाई, फोन कूलरसमोर धरला. घर्रर्र. मले बाबाचं चाक आठवलं.

वर्षाचं भाडं आन घरातला माहा हिस्सा, दोन्ही निघाले होते. सेठकडे मी सोता गेली, येत नाई सांगाले. सेठ म्हने, मंग आमच्या गिऱ्हाइकाईचे कूलर तूच पाहत जाय. आता तेही येते. उन्हाळ्यात पाठ मोडते ताई, काउंटरपेक्षा मेहनत दुप्पट, पन पानी पियाले उठाचं तर कोनाच्या तोंडाकडे पाहा लागत नाई. देवानं सगळ्याईले असं एखादं काम द्यावं, जे चालू झालं का पोटात बरं वाटते. कोनी पोट्टी शिकतो म्हनली तर पाठवजा माह्याकडे.

आत्याबाई काय म्हनून राह्यल्या, ऐकलं? साऱ्या पिपरीले थंडी आन सासूले पुठ्ठ्याची हवा. बरोबरच हाये. हा खिडकीतला आमचाच. गवत आनून ठेवलं, ते पाहा दाराआड, फक्त भराचं राह्यलं. उद्या करतो. उद्या नाई, उद्या मास्तरीनबाईच्या बहिनीचे दोन येनार हाये.