झूल काढ, कुत्रं दाखव

काकू, दारव्ह्याची सारी मंडळी, अन् आपापली कुत्री घरी बांधून आलेले सगळे दोस्त, राम राम. मले बोलता येत नाई. मागच्या खुर्चीवरून तीनदा उठलो, तीनदा बसलो.

मी सुधाकर. दिग्रसच्या जिनिंगवाल्यायचा. आतापर्यंत या शोकसभेत सगळे मधुकाकाजीबद्दल चांगलंच बोलले. गुरांचे डॉक्टर, कुत्र्यायच्या शोचे जज, देवमाणूस. खरंच आहे. त्यायच्या उजव्या हाताच्या दोन वाकड्या बोटायचंही तिघंजण बोलले. म्हशीनं लाथ मारलती म्हणे.

म्हशीनं नाई मारली. म्या मारलं. तुतारीनं, बैल हाकायच्या खिळ्याच्या काठीनं.

बसा भौ, बसा. आधी ऐकून घ्या. मंग काय करायचं ते करा.

त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला. आमचं जिनिंग बंद पडलं, मजूर निघून गेले. इथलं मार्केट यार्ड असं रिकामं पडलं का कापसाच्या जागी कुत्र्यायचा शो ठेवला. मी घरी बसून होतो. दिवसभर नुसता राग येत राहे. कोणावर काढू? दारात सुलतान होता, माहं उंच कारवानी कुत्रं. त्याच्यावर काढला.

त्याले त्या शोत उतरवायचं ठरवलं, पण कुत्र्यायचा शो मी जन्मात पाह्यला नव्हता. पोळ्याची बैलजोडी तेवढी माहीत. म्हणून सुलतानलेही बैलासारखाच सजवला. अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, कपाळाले बाशिंग! हसा, तुम्ही त्या दिवशीही हसलते. अन् बैलासारखाच शिकवलता. हलला का टोच. भुंकला का टोच. बसला का टोच. महिन्याभरात तो जागचा हलेना. मले वाटलं, काय वळण लागलं बाप्पा!

काकाजीची रीत तुम्हाले माहीत आहे. ते आधी खाली बसत. हात पुढं करत, कुत्र्याले हुंगू देत. त्यानं हुंगल्याशिवाय अंगाले बोट लावत नसत. शोच्या दिवशी सुलताननं हुंगलं नाई. हात दिसल्याबरोबर डोळे मिटले अन् उभ्या उभ्या मुतला.

काकाजी म्हणाले, "झूल काढ."

"कायले? सारी शोभा जाईन ना."

"मले शोभा नाई पाह्यची, कुत्रं पाह्यचं आहे. दाखव."

मी काढेना. त्यायनंच काढली. पाठीवर भोकंच भोकं, काही ओली, एकात अळ्या. माह्यापुरतं हळूच बोलले, "सुधाकर, हे वळण आहे का धाक?" बस, तेवढंच. मंग वहीत नंबर खोडला अन् पुढच्या कुत्र्यापाशी गेले.

दिग्रसच्या जिनिंगवाल्याचं कुत्रं चार तालुक्यायच्या देखत बाद! माहं डोकं भणाणलं. शो सुटल्यावर सुलतानले घेऊन वजनकाट्याच्या मागं उभा राह्यलो. काकाजी एकटेच आले. हातात मलमाची डबी होती. माह्याकडं पाह्यलंच नाई, सुलतानपाशी बसले. मी तुतारी उचलली. पहिला वार कुत्र्यावर होता. त्यायनं मधात हात घातला. हाड मोडल्याचा आवाज आला.

तिथं थांबलो असतो तर चूक झाली म्हटलं असतं. थांबलो नाई. दुसरा त्याच हातावर मारला. मुद्दाम, काकू. तिसराही. रक्त सुलतानच्या तोंडावर उडालं, अन् तो शिकवल्यासारखा उभाच! जागचा हलला नाई.

काकाजी मले मारू नको म्हणाले नाईत. ओरडले, "थांब बे! कुत्रं पाहून राह्यलं!"

तुतारी माह्या हातातून पडली. जीपमधी घालून मीच त्यायले दवाखान्यात नेलं. तिथं विचारलं, कसं झालं? हा माणूस म्हणते, म्हशीनं लाथ मारली. बाहेर आल्यावर मी रडून राह्यलो होतो. म्हटलं, "काकाजी, खोटं काहून बोलले?" ते म्हणाले, "खरं तुह्याजवळ आहे ना? तूच सांगशील."

सुलतानले ते आपल्या घरी घेऊन गेले. काकू, ज्याच्या पाठीतल्या अळ्या तुम्ही चिमट्यानं काढल्या, ते माहंच कुत्रं. पुढं तो साऱ्यायचे हात हुंगे. मी गेलो का उठून न्हाणीच्या मागं जाऊन बसे. मरेपर्यंत तसाच जात राह्यला. त्याच्यावर माहा काय हक्क?

काकाजी मात्र मले दर शोले बोलवत. चहा पाजत. एका शब्दानं विचारलं नाई का, सांगितलं का रे? जज माणूस. कुत्रं भिऊन उभं राहू नये, एवढीच त्यायची अपेक्षा राहे. माह्याकडूनही तेवढीच होती. अन् मी साल दर साल त्यायच्यासमोर भिऊन उभा राह्यलो. तो माणूस गेला तवा माहं तोंड उघडलं. थू माह्या जिंदगानीवर!

काकू, माफी मागत नाई. कोणत्या तोंडानं मागू? तुम्ही जा म्हटलं तर आत्ता जातो. पोलिसात चाल म्हटलं तर चालतो. पण आधी सगळे उठा. दोन मिनिटं कोणी बोलू नोका. तुम्ही डोळे मिटा, मी मिटत नाई. मी काकूकडं पाहून उभा राहतो.

काकाजी, सांगितलं. नमस्कार घ्या.