शून्य मार्कांचा प्रोग्राम

भाची: …नाही मामा, परत तिथंच अडकलं. तिसरी फ्लॉपी वाचत नाही. आवाज ऐका ना, कसा खरवडल्यासारखा येतोय.

मामा: फ्लॉपी चांगली आहे. मी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली होती.

भाची: तुम्ही सोन्यासारखी जपलीत हो, पण तीस वर्षं झाली तिला. कापूस आणि स्पिरिट द्या, आधी ड्राइव्हचं हेड पुसते. आठवडाभर दुकानात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि शनिवारच्या सुट्टीच्या दुपारी मामाकडे येऊन तेच.

मामा: तू नाही करणार तर कोण करणार?

भाची: करते, पण कळू तर द्या. या फ्लॉप्यांवरच्या भाषेत आता कुत्रंसुद्धा प्रोग्राम लिहीत नाही. ती चढवायला हा कॉम्प्युटरचा डबा तुम्ही कॉलेजच्या भंगारातून उचलून आणलात. घड्याळाचा सेल मेलाय त्याचा, चालू केला की तारीख वीस वर्षं मागे जाते. माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या भाषेत पाच मिनिटांत काम झालं असतं.

मामा: दुसऱ्या भाषेत नको. कॉलेजात शिकवायला जी वापरत होतो तीच हवी. उत्तरात फरक पडतो. आणि पाचच्या आत चालायला हवं. पाचला तुझी आई येणार आहे.

भाची: आईचा यात काय संबंध?

मामा: तू आधी पूस.

(थोड्या वेळाने.)

भाची: वाचली बघा. चौथीही घेतली. आता विचारतंय, संस्थेचं नाव काय नि वापरणाऱ्याचं काय. संस्था म्हणजे कॉलेज घालते. खाली तुमचं नाव?

मामा: माझं नको. तुझ्या आईचं घाल. माहेरचं.

भाची: हे बघा मामा, मी आल्यापासून तुम्ही चहासुद्धा धड घेतला नाहीत. काय चाललंय ते सांगितल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.

मामा: हा कागद घे. अक्षर ओळखतेस?

भाची: आईचं आहे. पण हा तर परीक्षेचा पेपर आहे. प्रोग्राम लिहिलाय यात. आईने?

मामा: दुसऱ्या वर्षाला होती. मी शिकवायचो त्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात.

भाची: ती तर म्हणते कॉलेज झेपलं नाही म्हणून सोडलं. आणि हे वर लाल शाईत शून्य… हे अक्षर तुमचं आहे.

मामा: माझंच. तेव्हा अख्ख्या कॉलेजात चार मशीन होती. परीक्षेला मुलांनी प्रोग्राम कागदावर लिहायचा आणि तपासणाऱ्याने तो कागदावरच चालवून बघायचा, पेन्सिल घेऊन, एकेक ओळ. माझा त्यात हात बसला होता. लोक म्हणायचे, सरांना मशीन लागतच नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

भाची: सख्ख्या बहिणीचा पेपर तुम्हीच तपासलात?

मामा: विषय शिकवणारा मी एकटाच. आणि म्हणूनच हात जास्त आखडला. दुसऱ्या कुणाला प्रयत्नाचे पाचसहा दिले असते. हिला दिले तर लोक म्हणतील, बहीण म्हणून दिले.

भाची: प्रश्न काय होता?

मामा: दहा आकड्यांची यादी. प्रत्येक आकड्याची दुप्पट करून ती यादीच्या शेवटी जोडायची. म्हणजे शेवटी वीस आकडे व्हायला हवेत. हिने लिहिलं, यादी संपेपर्यंत फेऱ्या मार आणि दर फेरीला यादी एकाने वाढव.

भाची: मग ती संपणारच नाही. आपण पुढे जाणार तशी यादीही पुढे जाणार.

मामा: मीही तेच लिहिलं. बघ खाली, ‘प्रोग्राम कधीच थांबणार नाही.’ तुझ्या लॅपटॉपवरच्या भाषेत कदाचित थांबणारही नाही. पण या भाषेत फेऱ्या किती मारायच्या ते पहिल्या फेरीच्या आधीच ठरतं. दहा म्हणजे दहा. नंतर यादी कितीही वाढू दे.

भाची: म्हणजे आईचं बरोबर होतं.

मामा: बहुतेक.

भाची: बहुतेक काय? हे तुम्हाला कळलं कधी?

मामा: पुढच्याच वर्षी. वर्गात एका मुलीने विचारलं म्हणून पुस्तक उघडलं. एक ओळ होती त्यात. पाच वर्षं शिकवत होतो आणि ती ओळ कधी वाचली नव्हती.

भाची: आणि मशीनवर चालवून बघितलं नाहीत?

मामा: नाही. जोवर चालवत नाही तोवर मला म्हणता येत होतं, पुस्तकात काय, काहीही छापतात. आणि तुझ्या आईचं तर लग्न ठरलं होतं. एक विषय राहिला तरी कॉलेज बंद, असं आमच्या बाबांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

भाची: एकतीस वर्षं मामा. एकतीस वर्षं ती दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढतेय.

मामा: गेल्या महिन्यात ती इथे जेवायला आली होती, आठवतं? दवाखान्यात सगळं कॉम्प्युटरवर जाणार, त्याचं प्रशिक्षण आहे, पण ती नाव देत नाही, मुदतीआधीच निवृत्ती घेतेय, असं सांगत होती. वाढता वाढता हसत म्हणाली, मला ते डोकंच नाही, आमच्यात ते दादाला.

भाची: परवा, सोमवारी देणार आहे ती निवृत्तीचा अर्ज. मीच टाइप करून दिला.

मामा: म्हणून आजच.

भाची: मला आत्ता तुमच्याशी बोलवत नाहीये. पेपर तुम्ही वाचा, मी टाइप करते. एक खूणही बदलू नका.

मामा: पहिली ओळ…

(पावणेपाच.)

भाची: झालं. चालवू?

मामा: थांब. चष्मा पुसतो… हं. चालव.

भाची: आधीचे दहा, आणि पुढे त्यांची दुप्पट, दोन, चार, सहा… आले सगळे. वीस आकडे. आणि थांबला मामा. शांत थांबला.

मामा: हो. दिसतंय मला.

आई: दार सताड उघडं आणि दोघं आत डबा घेऊन बसलात होय? दादा, तुला जागा कमी पडते म्हणून कुरकुरतोस आणि हे धूड घरात आणून ठेवलंस. का गं, तुझा चेहरा असा का? रडलीस की काय?

भाची: आई, तू इथे बस. मामांना काहीतरी सांगायचंय.

आई: तब्येतीचं का? दादा, डॉक्टर काय म्हणाले?

मामा: तब्येतीचं नाही. हा तुझा पेपर. दुसऱ्या वर्षाचा.

आई: अगंबाई, हा अजून आहे? रद्दीत जातात ना हे.

मामा: मी ठेवला होता. हे पडद्यावर आहे ते तुझंच, जसंच्या तसं. आत्ता चालवलं. बरोबर आलं. तेव्हाही बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती मला पुढच्या वर्षीच कळली होती. मी तुला सांगितलं नाही.

आई: …दहाचे वीस झाले.

भाची: हो आई.

आई: दादा, मी तुला म्हटलं होतं. निकालाच्या दिवशी, कॉलेजच्या जिन्यात. म्हटलं, फेऱ्या आधीच ठरतात ना रे? तू म्हणालास, शिकवतो कोण, मी की तू?

मामा: आठवतं.

आई: मग मला वाटलं, आपल्यालाच कळलं नसेल. दादा म्हणतो म्हणजे चुकलंच. मी पुन्हा त्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. घरी आले आणि पुस्तकं बांधून ठेवली. बाबांना काही बोलावंच लागलं नाही.

मामा: सोमवारी तो अर्ज देऊ नकोस. तुला जमेल. तुला तेव्हाच माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आई: अर्जाचं माझं मी बघीन. तू सांगितलंस म्हणून मी आता काही करणार नाही, आणि तू सांगितलंस म्हणून काही थांबवणारही नाही.

भाची: आई, पाणी देऊ?

आई: दे. मामालाही दे, बघ कसा झालाय.

मामा: मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला.

आई: आज म्हणूच नकोस. तू म्हणालास म्हणून मी आजवर आणखी काय काय सोडलं, ते आधी मला आठवू दे.