दिशाला सांगायचं वाक्य

हॅलो? … हॅलो, कांता? मी शेवंती, लालबागहून. … ऐकू येतंय ना? … हां, आता नीट येतंय. … स्वयंपाक? नाही गो, सकाळचीच आमटी आहे. एकटीसाठी काय गॅस पेटवायचा. … अगं ऐक ना, माझ्याकडे वेळ नाही. आज रविवार, आता कॅनडाहून फोन येईल. त्याआधी मला एक वाक्य बसवून दे.

… इंग्रजीच, दुसरं काय. तू लेकीकडे बदलापूरला गेलीस आणि माझा सराव बंदच पडला. क्लासात आता सगळ्या नव्या बायका. तुझ्या जागेवर मी पिशवी ठेवते, कोणी बसू नये म्हणून. … हसतेस काय, खरंच ठेवते.

… झालं काय, सांगते. मागच्या रविवारी दिशा बोलत होती. … हो, प्रितमची. सून मल्याळी, घरात सगळा इंग्रजीचा कारभार. मराठीतलं पोरीला 'आजी' तेवढं येतं. आमचं चाललेलं, तेवढ्यात खालून भजनाच्या बायकांनी हाक मारली. मी उठले, तर पोर विचारते, 'आजी, आर यू गोइंग?' … मग? 'जाते' म्हणतो का आपण कधी? माझ्या सासूने तर पहिल्याच दिवशी दटावलेलं, उंबरा ओलांडताना 'येते' म्हणायचं. मी म्हटलं, 'नो, नो, आय ॲम कमिंग.' आणि ठेवला फोन.

… तुझ्याही तोंडून तेच गेलं असतं. पण त्या लेकराला काय ठाऊक. तिला वाटलं आजी कॅनडाला येतेय. … अगं, शाळेत सांगून आली. अर्ध्या बेडवर माझ्यासाठी उशी मांडलीय आणि स्वतः कडेला झोपते. … प्रितमच सांगत होता. काल फोन केलेला त्याने.

… मलाही तेच वाटलं गो. म्हटलं, आता म्हणेल, 'आई, मग येच.' मनातले मांडे, दुसरं काय. इकडे मी स्वेटर कुठल्या पेटीत आहे ते आठवत होते. … छे. म्हणाला, 'तू येणार नाहीस, हे तूच सांग तिला. मी सांगितलं तर रडते.' … घर लहान आहे म्हणतो. थंडी मला सोसायची नाही म्हणतो. … अर्धा बेड तर पोरीने दिलाच आहे की. … नाही, त्याला काही बोलले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. … हो. … वाईट तर वाटणारच. कालपासून घर खायला उठलंय.

… नाही, रडत नाही, सर्दी आहे. तू वाक्य घे. आय कमिंग नॉट. … चुकलं? आय नॉट कमिंग ॲम. … अगं, आपल्यात कसं, सगळं सांगून झालं की मग शेवटी 'नाही'. तोवर ऐकणाऱ्याची जरा तयारी होते. इथे मेलं 'नाही' आधीच सांगून मोकळं व्हायचं.

… थांब, ओट्याशी आले. डबे मांडते. राधाटीचर सांगायच्या ना, शब्द इकडेतिकडे पळाले की वस्तू मांडा. साखर म्हणजे आय, चहा म्हणजे ॲम, मीठ नॉट, रवा कमिंग. … मीठ कुठे ठेवू? … रव्याच्या आधी, बरं. आय… ॲम… नॉट… कमिंग. … परत म्हणते. आय ॲम नॉट कमिंग. … हो ना, जमलं. एरवी जमलं की किती बरं वाटायचं.

… ऐक, ऐक, दुसरा फोन वाजतोय. त्यांचाच. … नको, तू थांबू नको, तुझं जेवण राहील. मीच करते नंतर. …

हॅलो? … दिशा? येस, बाळा, आजी. … येस, येस, आय ॲम फाइन. … लिसन, दिशा. … नो, फर्स्ट यू लिसन. … आय… ॲम… नॉट… कमिंग. … येस, बाळा. नॉट. … डोन्ट क्राय. … काय? … व्हाय?

… व्हाय… थांब हं, बाळा. … पप्पा देअर? … आस्क पप्पा. … नो, आजी नॉट नो व्हाय. पप्पा नो व्हाय. यू आस्क, आय वेट. … प्रितम, स्पीकरवरच असू दे रे. ती विचारतेय ना, सांग तिला. … इंग्रजीत सांग, चालेल. आता समजतं मला.

… प्रितम? … हॅलो?