संध्याकाळचं ऊन

नव्या स्टेडियमच्या आराखड्यावर हरकती घेणाऱ्या खिडकीपाशी रांग होती. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक उभी होती.

“बाबा, फॉर्म दाखवा बघू. अहो, हे काय? घराबद्दल एक अक्षर नाही!”

“खेळपट्टी पूर्व-पश्चिम काढलीय त्यांनी. संध्याकाळचं ऊन थेट बॅट्समनच्या डोळ्यांत जाणार. चेंडू दिसायचा कसा?”

“ते त्यांचे इंजिनियर बघतील ना!”

“त्यांनीच तर काढलीय. तीस वर्षं खेळपट्टी राखली मी, मला नको कळायला?”

“बरं, मैदान फिरवलं तर आपलं घर वाचतं का?”

“नाही गं. आत्ता नुसतं अंगण जातंय. फिरवलं तर स्वयंपाकघरासकट सगळं जातं.”

“आईला माहितेय हे?”

“तिनंच तर नकाशावर पट्टी धरून मोजलं.”

“मग? काय म्हणाली?”

“म्हणाली, काचेची भांडी आधी बांधायला घेते.”

“हं, पुढचे कोण?” खिडकीतून आवाज आला.

“थांबा, बाबा. खाली सही राहिलीय तुमची.”