गाडीले उतार, बुढीले पायऱ्या

मी मूळचा बाळापूरचा, नदीच्या काठानं आमचं घर होतं. बाप मिस्त्री, बापाचा बाप बी मिस्त्री, म्हनून शाळेची पाटी हातात याच्या आगोदर थापी आली. नाव यूसुफ हाये, पन यूसुफ म्हनून इचारलं तं ह्या गल्लीत कोनी सांगनार नाई तुमाले, बाबू मिस्त्री म्हना, ल्हानसं पोट्टं बी घर दाखवते. अकोल्यात आलो तवा मिशी फुटाची होती, आता दाढी पांढरी झाली, अन इतक्या वर्सात ह्या शयरात किती घरं उभी केली ते मी कधी मोजलं नाई. चारी बाजूनं दिसून राह्यले ना. अन दिसले का आता मले राग येते. तुमी म्हनाल काय बुढा हाये, सोताच्याच कामावर चिडते. चिडतो ताई, लिहून घ्याले आल्या ना तुमी. ऐका तं खरं.

आमची ही काळी माती, उन्हाळ्यात पाय जाईन एवढ्या भेगा पडतात अन पावसात फुगते. तिच्यावर घर बांधाचं म्हनजे पयले खाली मुरूम भराचा अन मंग वर्ते जोतं उचलाचं. त्यात ह्या रस्त्याची कटकट. ठेकेदार येते, जुना रस्ता खोदत नाई, जुन्याच्या आंगावर नवं काँक्रीट वतते अन चालला जाते, झाला रस्ता अर्धा फूट उच्च. थोड्या वर्सानं दुसरा ठेकेदार, परत अर्धा फूट. मंग पावसाचं पानी लोकाईच्या चुलीपर्यंत. म्हनून जो तो म्हने, बाबूभाई, जोतं उच्च पायजे, त्याच्याहून एक वीत जास्त पायजे. पान्याचं तं होतंच, पन काय सांगू तुमाले, त्यात मोठेपना बी होता. शेजाऱ्याचं जोतं तीन फूट असन तं याले सव्वातीन पायजे. अन मी करून द्यायचो, मले काय, मले बी छाती फुगवाले बरं वाटे.

आता जोतं तीन फूट झालं तं चढाचं कसं? गल्ली एवढीशी, समोर नाली, पायऱ्याईले जागा कुठून आनाची. मंग आमी पायरी उच्च करतो, नऊ इंच, धा इंच, चार पायऱ्याईत काम भागवतो. मानसाच्या पायाची पायरी सहा इंचाची असते, हे मले माह्या बापानं शिकवलं होतं, मले मालूम नोयतं असं नाई. अन त्या पायऱ्याईच्या मदात एक हातभर रुंद उतार काढतो. कायच्यासाठी? मोटरसायकलसाठी. गाडी बाहेर ठेवली तं चोरीले जाईन, उन्हानं सीट तडकन, म्हनून ती घरात चढवाची. जा तुमी आत्ता, हे घर सोडून गल्ली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून या, एक घर दाखवा ज्याले गाडीचा उतार नाई. अन एक घर दाखवा जिथी बुढ्या मायसाठी हात धराले एक पाइप लावला हाये. सारी जिंदगी मले एक बी मानूस म्हनला नाई का बाबूभाई, मायसाठी काई करा. अन मी बी कोनाले इचारलं नाई.

माही बायको जैबून. ती पडली ते कुठी बाहेर नाई पडली, आमच्याच ओट्यावरून पडली, मीच बांधलेल्या दुसऱ्या पायरीवरून. पोरानं हौसेनं चकचकीत टाईल आनली होती, मीच बसवली, आरशासारखी बसवली. सकाळी फरशी धुतली, पाय गेला, खुब्याचं हाडूक मोडलं. आपरेशन झालं, आत सळई टाकली, डाक्टर म्हने आता यायले चालवा, बसवून ठेवू नोका, वॉकर घ्या अन रोज चालवा. हौ म्हनलं. पन चालवू कुठी? बैठक, सैपाकघर, मांगची खोली. मांगची खोली, सैपाकघर, बैठक. दरवाज्यापाशी जाची अन तीन फूट खाली गल्ली पाहाची, इहिरीच्या काठावर उभं राह्यल्यासारखी. दोन वर्स ताई. दोन वर्स तिनं मातीवर पाय नाई ठेवला.

पोरगी अमरावतीले देली हाये, ती म्हने अब्बा, अम्मीले माह्याकडं आना, आमच्या बिल्डिंगले लिफ्ट हाये. झालं, गाडी केली, पहाटे कोनी पाहाच्या आगोदर मी अन पोरानं उचलून आत निजवलं, अमरावतीले नेलं. उतरलो तं लिफ्ट कुठी हाये? पाच पायऱ्या चढल्यावर लिफ्ट हाये! मी तिथी वॉचमनले म्हनलं, काहून रे, ज्याले पायऱ्या चढता येते त्याले लिफ्ट काहून पायजे? तो बिचारा हासे. त्याचा काय गुन्हा. ज्या मिस्त्रीनं ते केलं त्याले धरून वॉकर देल्लं पायजे अन म्हनलं पायजे, चढ बे आता. पन तो मिस्त्री म्हनजे कोन, माह्यासारखाच कोनी. नकाशा काढनारा इंजिनेर साहेब असन तीस वर्साचा, त्याले वाटते सारे तीस वर्साचेच राह्यनार. तिथी बी तिचं खाली उतरनं नाईच, आठ दिवसात परत आनलं तिले.

अन इथी आमच्या भागात बगीचा हाये, पाटी लावली हाये, ज्येष्ठ नागरिकाईसाठी म्हनून. बाकडे हायेत, झाडं हायेत, चांगलं हाये. पन पोट्टे गाड्या आत घालतात म्हनून गेटात लोखंडी खांबे गाडले, आडवंतिडवं अंग करून आत जा लागते. वॉकर जात नाई. मी म्हापालिकेच्या हापिसात गेलो सांगाले. तिथला साहेब म्हने, बाबा, खांबे काढले तं गाड्या घुसतीन. मी म्हनलं साहेब, गाड्याईचा एवढा इचार करता, घरात घ्याची बी सोय अन बगीच्यात रोकाची बी सोय, बुढ्याईचा बी करा ना थोडासा. म्हने अर्ज करा. केला अर्ज. खांबे अजून तिथीच हायेत, पाहून या.

पन हे सारं मी सहन करून राह्यलो होतो, खोटं नाई सांगत. म्हनाचो आल्लाची मर्जी. मंग हमीदा आपा गेली.

हमीदा आपा म्हनजे जैबूनची सख्खी मोठी बहीन, ह्याच गल्लीत चार घरं सोडून राहे. दोघी बहिनी एकाच गल्लीत पडल्या म्हनून खुश होत्या. आपाचे बी गुडघे गेले होते, ती बी ओट्यावरून खाली येत नोयती. चार घराईचं अंतर ताई, अन दोघी बहिनी फोनवर बोलत. दुपारी ही आपल्या दरवाज्यात खुर्ची टाके, ती तिच्या दरवाज्यात टाके, अन हात हालवून फोनवर बोलत, आज काय भाजी केली म्हनून. एक दिवस सकाळी तिच्या पोराचा फोन आला. आपा गेली.

आमच्यात बाया कब्रस्तानात जात नाईत. तोंड पाहाचं ते घरातच, मयत उचलाच्या आगोदर, मंग नाई. जैबून म्हने मले घेऊन चला. आमी प्लास्टिकची खुर्ची आनली, गल्लीतले चार पोट्टे बोलावले, तिले खुर्चीवर बसवलं, उचललं. दरवाज्यापर्यंत आले अन ती वरडली, उतारो मेरेकू, मैं अभी जिंदा हूं, चार जनों के कंधे पे नहीं जाती मैं. मी हात जोडले तिले, पोरानं पाय धरले. समोर गल्लीभर मानसं जमलेले, सारे वर्ते पाहून राह्यले होते. तिची ओढनी सरकली होती, खुर्ची वाकडी झाली होती. तिनं दोन्ही हातानं दरवाज्याची चौकट पकडून घेतली. सोडलीच नाई. अन तिकडं वख्त झाला, जनाजा निघाला, आमच्याच ओट्यासमोरून गेला. चेहरा झाकलेला. हिनं वरून पाह्यला. मी खाली लोकाईत उभा होतो, अन त्या वक्ताले मले वाटलं का ह्या गल्लीतले सारे ओटे आत्ताच्या आत्ता फोडावे.

चवथ्या दिवशी मी घन आनला अन सोताच्या घरापासून सुरू केलं.

हिशेब असा हाये का एक फूट चढाले बारा फूट उतार पायजे, तवा बुढं मानूस वॉकर घेऊन आरामात उतरते. तीन फुटाले छत्तीस फूट. गल्लीत काढला तं समोरच्याच्या घरात जाईन. मंग मी म्हनलं बाहेर जागा नाई ना, घरात तं हाये. मांगच्या खोलीपासून भिंतीच्या कडेनं साडेतीन फूट रुंद पट्टा खोदाचा, सैपाकघरातून, बैठकीतून, ओट्यातून, सरळ गल्लीपर्यंत. लांबी तीस फूट भेटत होती, म्हनजे एक फुटाले दहा फूट उतार, चालते. पोरगा दुकानातून आला, इरफान नाव त्याचं, पाह्यते तं बैठकीतला सोफा गल्लीत अन बाप फरशी फोडून राह्यला. वरडला माह्यावर. अब्बा डोस्कं फिरलं काय तुमचं, उद्या पोरीले पाहाले पावने येतीन, बैठकीत खड्डा दाखवू काय? मी म्हनलं दाखव. जे पावने तुह्या मायचा रस्ता पाहून वापस जातीन त्या घरात माही नात नाई द्याची. तो म्हने घर माह्या बी मेहनतीचं हाये. मी म्हनलं हौ बाप्पा हाये, तुही गाडी रोज ह्या घरात चढते, कोनी नाई म्हनलं काय तिले? दोन दिवस त्यानं कामाले हात नाई लावला. तिसऱ्या दिवशी आला, पँट वर खोवली अन मुरमाचं घमेलं उचललं. जो मुरूम मी ठोकू ठोकू भरला होता तो आमी बापलेकानं घमेल्यानं काढला.

खाली कोबा केला, त्याच्यावर दोरीनं रेघा ओढल्या, पाय धरला पायजे म्हनून. टाईल नाई लावली. भिंतीले पाइप लावला, तिच्या हाताच्या उंचीवर, तिले उभी करून माप घेतलं. जिंदगीभर लोकाईची घरं मापली, बायकोच्या हाताचं माप पयल्यांदा घेतलं. तोंडाशी नालीवर लोखंडी जाळी टाकली, पावसाचं पानी आत न येता खाली जावं म्हनून. काम पक्कं झालं तवा एका सकाळी तिले म्हनलं, चाल.

ती उतरली. वॉकर पुढं, मी मांगं, पोरगा बाजूले, पन हात कोनी नाई लावला. गल्लीत पाय ठेवला. मले वाटलं आता दरवाज्यात बसन, नाई तं बगीच्याकडं पाह्यन. ती सरळ आपाच्या घराकडं निघाली. चार घरं जाले तिले अर्धा घंटा लागला. मांगून गाड्यावाले हारन मारत, मी त्याईले शिव्या देल्या, लिहा तुमी, शिव्या देल्या म्हनून लिहा.

आपाच्या घरी पोहोचली. अन समोर चार पायऱ्या, धा धा इंचाच्या. मदात गाडीचा उतार. ओट्यावर आपाच्या पोराची मोटरसायकल उभी, आरामात, सावलीत. जैबून खालीच उभी राह्यली. वाकून पायरीवर हात ठेवला तिनं अन मले म्हने, आपाने बोला था ना तुमको.

हौ, बोलली होती. ते घर मीच बांधलं ताई. बांधत होतो तवा आपा आली होती अन म्हने, बाबूभाई, पायरी जराशी ल्हान करा, आमी काय सदा जवानच राहू काय. मी म्हनलं जागा नाई आपा. अन हासलो. म्हनलं चढता नाई आलं तं गाडीच्या मांगं बसून चढजा. कामावरचे सारे हासले, आपा बी हासली.

जैबूननं खालूनच हात उचलले, दुवा पढली अन वापस फिरली.

आता मी काम करत नाई, पन सल्ला इचाराले लोकं येतात. मी पयले म्हनतो, घरात जो सगळ्यात बुढा असन त्याले आन, त्याच्या पायाचं माप घेऊ, मंग जोत्याचं बोलू. अर्धे उठून जातात, दुसरा मिस्त्री पाहातात. जाऊ द्या. जैबून रोज सकाळी उतरते, गल्लीत मदोमद खुर्ची टाकून बसते. गाडीवाले चिडतात, म्हनतात बाबा, बुढीले बाजूले घ्या. मी म्हनतो तुमी बाजूनं जा.

तुमचं घर कितव्या मजल्यावर हाये ताई? तिसऱ्या? अन लिफ्ट? नाई ना. आल्ला तुमाले लंबी उमर देवो. अन उमर देल्ली तं खाली उतराची सोय बी त्यानंच द्यावी, आमी मिस्त्री लोकाईनं तं ठेवली नाई.