गुक हेडमास्तरांचे एकोणीस शनिवार

नाही, उतरवणार नाही. तुम्ही दहादा विचारा, अकराव्यांदाही मी नाहीच म्हणेन — आणि जरा हळू, त्या आजी चित्र बघतायत. बसा इथे. चहा घ्या, बार्लीचाच आहे, कोमट झालाय पण चालेल. तुम्ही नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं होतं, बरं का. दारातून आलात तेव्हाच म्हटलं, ही गुक हेडमास्तरांची मुलगी. कशावरून? जबड्यावरून. तो जबडा मी पाच महिने काढलाय, खोडलाय, परत काढलाय, मी नाही ओळखणार तर कोण? आता म्हणताय, वर्तमानपत्रात स्वतःच्या चित्राचा फोटो बघितल्यापासून बाबा तीन दिवस धड जेवले नाहीत. बरं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू — नाही वाटलं.

आधी हे समजून घ्या की ही भिंत काय आहे. या जिल्ह्यात सरकारी शाळांमधून चित्रकला शिकवणारे आम्ही चौतीसजण, आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा आमची स्वतःची चित्रं नगरपालिकेच्या या सभागृहात लागलीयत. लोक येतात नि पहिला प्रश्न काय विचारतात माहितेय? ‘‘मुलांची चित्रं कुठे लावलीयत?’’ मी म्हणते, मुलांची नाहीत, आमची आहेत. ‘‘हो, पण मग मुलांची?’’ परवा एक अधिकारी आले, भलीमोठी फुलांची कमान पाठवली होती त्यांनी, आणि तिच्या फितीवर काय लिहिलेलं — ‘बालकलेस शुभेच्छा’! ती कमान मी जिन्याखाली ठेवलीय, तोंड भिंतीकडे करून. तिकडे बघा, ते निळं-काळं मोठं चित्र. ते प्यो सरांचं. बेटावरच्या शाळेत चोवीस मुलं, हे एकटे मास्तर, ड्रॉइंगही यांचं, कवायतही यांची, आणि तीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट काढतोय, होडीचं पोट. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीची खालची बाजू, शेवाळ, शिंपले, चिरा. कुणी विचारलं नाही, कुणी मागितलं नाही. तिकडे राजधानीत, सोलमधल्या एखाद्या प्राध्यापकाने काढलं असतं तर पुस्तकं निघाली असती त्यावर. प्यो सरांना गावातले विचारतात, सर, आमच्या हॉटेलची पाटी रंगवून द्याल का?

पाट्या! अहो, तेच तर आमचं काम. क्रीडादिनाचे झेंडे, ‘पाहुण्यांचे स्वागत असो’, स्नेहसंमेलनाचे पडदे, संडासाच्या दारावरचे बाण — ‘‘प्यॉन बाई, तेवढं रंगवून द्या ना, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम!’’ आणि परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेचा तास गणिताला. विचारायचीही पद्धत नाही, मी रंगाचं सामान घेऊन वर्गात जाते तर फळ्यावर आधीच समीकरण. मी सामान परत उचलायचे. शाळा सुटली की व्यायामशाळेमागच्या खोलीत जायचे नि स्वतःचं काढायचे. सात वर्षांत एकतीस कॅनव्हास. दर बदलीला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, टेम्पोत मागे मी स्वतः बसून, ताडपत्री धरून नेलेले.

आणि माझी आई गेली. पाच दिवस रजेवर होते. तेवढ्यात तुमच्या बाबांच्या शाळेची तपासणी लागली. मी सहाव्या दिवशी आले, केसात अजून ती पांढरी पिन होती सुतकाची, खोली उघडते तर लख्ख. धुतलेली फरशी, फिनेलचा वास. माझं काहीही नाही. शिपाई मा काका दारात उभे, मान खाली. म्हणाले, ‘‘बाई, मला वाटलं साहेबांनी तुम्हाला विचारलं असेल.’’ शाळेमागे कचरा जाळायची भट्टी होती तेव्हा. मी गेले. राखेत चौकटींचे खिळे होते, बस. मी बसून ते खिळे वेचले. का वेचले — देवाला ठाऊक. हात काळे घेऊन तशीच गेले त्यांच्या खोलीत. त्यांनी वर बघितलं, टाय सारखा केला आणि म्हणाले — शब्द न् शब्द सांगते — ‘‘अहो बाई, तुम्ही चित्रकार आहात का? शिक्षिका आहात. शिक्षिकेचं चित्र म्हणजे फळ्यावरचं. तास संपला की पुसायचं.’’

त्या दिवशी डूख धरला मी. नागिणीसारखा. तुम्ही मान हलवू नका, तुमच्यासाठी ते बाबा आहेत, माझ्यासाठी ते एक वाक्य आहेत.

दोन वर्षं वाट बघितली. मग त्यांची निवृत्ती आली. त्या शाळेच्या मोठ्या दालनात सगळ्या जुन्या हेडमास्तरांची तैलचित्रं आहेत, ठाऊक असेल तुम्हाला. बाहेरचा चित्रकार परवडेना, म्हणून मला बोलावलं. काय गोड बोलले! ‘‘प्यॉन बाई, आपल्या घरचाच हात असताना बाहेर कशाला जायचं?’’ मी म्हटलं, साहेब, माझं भाग्य. आणि वाकून नमस्कार केला. दर शनिवारी शाळा दुपारी सुटली की ते येऊन बसायचे. एकोणीस शनिवार. ते बसलेले, मी उभी. पहिल्या शनिवारी मनात काय होतं सांगू? डुकराचे डोळे काढीन, ओठ वाकडे काढीन. पण कोळसा हातात घेतला आणि कळलं, तसं केलं तर लोक म्हणतील, बाईंना जमलं नाही. मग ठरवलं — आहेत तसे. एक केस जास्त नाही, एक सुरकुती कमी नाही. टाय सारखा करणारा तो हात आहे तसाच. ते वाक्य बोलून झाल्यावर तोंड जसं मिटलं होतं, तसंच. याहून मोठं उट्टं नाही, खरं सांगते. खोटं काढलं असतं तर ते हसून सोडून देऊ शकले असते.

निरोपसमारंभात पडदा ओढला. आणि मा काका मागून मोठ्याने म्हणाले, ‘‘अगदी आहेत तसे!’’ मग टाळ्या. तुमच्या बाबांनीही वाजवल्या, न वाजवून करतात काय? तक्रार कशाची करणार, ‘माझ्यासारखं दिसतं’ याची? आठवडाभर लागलं होतं दालनात. मग कुणी तरी ते काढून गच्चीवरच्या खोलीत ठेवलं. कुणी, ते तुम्ही घरी जाऊन विचारा. यंदा नव्या हेडमास्तरीण बाईंनी मला लेखी परत दिलं, कागद आहे माझ्याकडे, सही-शिक्क्याचा. म्हणून म्हणते, हे माझं आहे आणि इथेच राहणार. शाळेच्या मुली येतात ना, त्या याच्यासमोर आल्या की नकळत शर्ट खोचतात. त्यांनी हेडमास्तर गुक कधी बघितलेसुद्धा नाहीत!

काय? डोळे? हो... सगळे डोळ्यांबद्दलच विचारतात. त्या आजीही तिथेच अडकल्यायत बघा. खालच्या पापणीवर जरा ओल आहे, तिथे उजेड धरलाय. ते असं झालं की — बारावा शनिवार होता. त्या दिवशी ते उशिरा आले. बसले. मी रंग घोटत होते. आणि बघते तर रडतायत. आवाज नाही, हलणं नाही, बैठक मोडली नाही. पोजमध्ये बसून रडत होते तुझे बाबा. सकाळी डॉक्टरांनी तुझ्या आईचं सांगितलं होतं, फार तर तीन महिने. ‘‘घरात कुणाला सांगितलं नाही बाई,’’ म्हणाले, ‘‘मुलीचे दिवस भरत आलेत, तिला आत्ता नको.’’

तुला माहीत नव्हतं?

अगं... मला वाटलं, नंतर सांगितलं असेल. तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. नको, रडू नकोस. नाही तर रड, रड, हा रुमाल घे, रंगाचा वास येईल जरा. आई गेली तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणतेस — ते या चित्रात येऊन गेलं होतं ना सगळं. पंधरा वर्षं तू त्यांना दगड समजत होतीस? बरं. आता मी काय केलं तेही ऐक, म्हणजे मला चांगली बाई समजणार नाहीस. मी ब्रश खाली ठेवला नाही. पाणी दिलं नाही, एक शब्द बोलले नाही. मला आनंद झाला. हो, आनंद! त्यांच्या दुःखाचा नाही गं — म्हणजे, त्याचाही झाला असेल — पण मुख्य म्हणजे अकरा शनिवार जो उजेड सापडत नव्हता तो त्या पापणीवर बसला होता. मी भराभर काढत गेले, सुकायच्या आत. माझी आई गेली तेव्हा ज्यांनी मला पाच दिवसही सुखाने दिले नाहीत, त्यांच्या बायकोच्या दुखण्यातून मी उजेड काढला. आणि तो आला. कसा आला बघ.

आणि आता बोलतेच आहे तर — त्या एकतीसमधली चार चांगली होती. चार. बाकीची माझी मलाच आवडायची नाहीत, पण जळाली म्हणून मी जन्मभर एकतीस, एकतीस करत बसले. प्यो सरांच्या होडीशेजारी लावावं असं माझ्या हातून एकच झालं, आणि ते तुझ्या बाबांचं. त्यांनी भट्टी पेटवली नसती तर... नाही. हे मी त्यांना सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस. एवढं फुकटचं श्रेय मी त्या माणसाला देणार नाही, मेले तरी नाही.

म्हणून, उतरवणार नाही. आता तर मुळीच नाही. त्यांना जेवायचं असेल तर जेवू देत, नसेल तर — काय म्हणालीस?

खाली? गाडीत बसलेत? कधीपासून — तासभर? तासभर तू इथे माझं ऐकत बसलीस, आणि ते खाली...

येतील? जिना चढवेल त्यांना?

मग घेऊन ये ना, बघतेस काय. अठरा पायऱ्या आहेत, कठड्याला धरून सावकाश आण. दार सहाला बंद होतं. आणि हे बघ — मी त्यांच्याशी बोलणार नाही, नमस्कार करणार नाही, त्यांनी माफी मागितली तरी मला ऐकू येणार नाही, आधीच सांगून ठेव. आणि चित्रासमोर आणून सोडलंस की तू बाजूला हो. हात धरून उभी राहू नकोस. एकट्याने बघू देत.

जा आता. चहाचा पेला तिथेच राहू दे. जा म्हणते ना.