आप्पांना पाचापैकी पाच

सगळा दोष आमच्या आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे चुलते, वळसंगचे जुने पैलवान. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. स्नायूची ताकद पाचापैकी किती, हे हाताने तपासायला त्या वर्षी शिकवतात. सुट्टीत सोलापूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांसमोर रुग्ण तपासून त्यांची सही न्यायची, तरच तिसरं वर्ष. बैलगाडीवरून पडल्यापासून आप्पांचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून त्यांनाच नेलं.

मी तपासून म्हणालो, "खांदा पाचात दोन."

आप्पा भडकले. "दोन? म्हंजे नापास की रं! ह्या दंडाला नापास करतोस व्हय?"

"आप्पा, ही शाळा न्हाय. गप बसा."

"डाक्टर, तुमी बघा हितं," म्हणत त्यांनी दातओठ खाल्ले, अख्खं अंग डावीकडे झुकवलं आणि हात वर नेला.

"झकास!" डॉक्टर म्हणाले. "हे तर चार आहेत."

"अहो, ते अंग झुकवून हात उचलतायत. खांदा काहीच करत नाही."

"मला शिकवतोस?"

"येत नसेल तर शिकवतो की."

"चारच कशाला डाक्टर, पाच द्या की," आप्पा मध्येच बोलले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघत पाच दिले.

टांग्यात आप्पा खुशीत होते. "तू वाईट वाटून घिऊ नगंस. पुढल्या बारीला तुला बी मिळत्याल."

मला अजून हसू येतं. सही मिळाली नाही, वर्ष गेलं, आणि मी कॉलेज सोडलं.